ओट्यावरचा उजेड: १२ व्होल्टचा दिवा की मीटरवरचा?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी दिलेल्या माहितीचा हा लेखी मजकूर आहे. ज्या गटांना सभेला येता आलं नाही, त्यांनी साप्ताहिक बैठकीत तो मोठ्याने वाचून घ्यावा.)



बचत, हप्ते, दशसूत्री, सगळ्यांवर बोलून झालं. आता थोडं वेगळं बोलूया. आपल्या प्रभागात घरकुलांची कामं चालू आहेत. स्लॅब पडला, गिलावा झाला की वायरमन दादा येतात आणि विचारतात, "दिवे कुठे कुठे काढू?" त्या वेळी घरात कोण बोलतं, ते जरा आठवून बघा. हॉलमध्ये छताला सहा गोल दिवे ठरतात, दारात एक, देवघरात रंगीत एक. आणि स्वयंपाकघरात? मधोमध एक बल्ब. झालं!

अंतर्गत कर्जाच्या अर्जांवर आता "घरदुरुस्ती, लाइट फिटिंग" असं कारण दिसायला लागलंय. चांगलीच गोष्ट आहे. पण अर्ज वाचताना एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. दुकानदार म्हणतो, "ताई, बारा व्होल्टचे घ्या, बिल येणारच नाही." वायरमन म्हणतो, "ते काही खरं नाही, डायरेक्ट मीटरवरचे घ्या." मग खरं कुणाचं मानायचं? पैसे आपले, कर्ज आपलं आणि दिवसातले चार-पाच तास त्या उजेडात हातही आपलेच. म्हणून हे आपल्यालाच कळलं पाहिजे.

आधी शब्दांचा घोळ सोडवू

मी ज्यांच्याबद्दल बोलतेय ते दिवे म्हणजे छताला बसवायचे, उजेड सरळ खाली टाकणारे. दुकानात त्यांना डाउनलाइट, पॅनल लाइट किंवा सीलिंग लाइट म्हणतात. ते दोन प्रकारचे मिळतात. एक, घरच्या मीटरवरून येणाऱ्या २३० व्होल्ट विजेवर चालणारे. दुसरे, १२ व्होल्टवर म्हणजे बॅटरीवर, सोलरवर किंवा मध्ये ट्रान्सफॉर्मर लावून चालणारे. या दुसऱ्यांना "लो व्होल्टेज" दिवे म्हणतात.

पण "लो व्होल्टेज" हा शब्द आपण तीन अर्थांनी वापरतो. संध्याकाळी सात वाजता सगळ्या गावात दिवे मिणमिणायला लागले की आपण म्हणतो, "व्होल्टेज लो झालं." लाइट बिलावर "एलटी" लिहिलेलं असतं, त्याचाही अर्थ लघुदाब, म्हणजे लो टेन्शन. आणि ती तर आपली नेहमीची २३० व्होल्टची वीज, जी माणसाचा जीव घेऊ शकते! तिसरा अर्थ १२ व्होल्टचा दिवा. त्यामुळे दुकानात "लो व्होल्टेज आहे" एवढ्यावर मान डोलवायची नाही. सरळ विचारायचं, "किती व्होल्टचा? एसी की डीसी?" उत्तर खोक्यावर छापलेलं असतं. ते वाचून घ्यायचं.

अजून एक गंमत आहे. बऱ्याच पॅनल लाइटच्या वायरीला एक छोटी डबी असते. तिला ड्रायव्हर म्हणतात. डबी दिसली म्हणून तो दिवा १२ व्होल्टचा होत नाही. तो २३० व्होल्टचाच असतो, डबी फक्त त्याला हवी तशी वीज करून देते. असा दिवा डबी काढून बॅटरीला जोडायचा नाही.

बिल कशावर ठरतं?

व्होल्टवर नाही, वॅटवर आणि तासांवर. हे एवढं जरी आज घरी घेऊन गेलात तरी पुष्कळ झालं.

हिशोब आपण गटात करतो तसाच करू. १,००० वॅट एक तास चालले की एक युनिट. ६ वॅटचे चार एलईडी दिवे म्हणजे २४ वॅट. रोज ५ तास लावले तर १२० वॅट-तास. महिन्याचे ३० दिवस धरले तर ३,६०० वॅट-तास, म्हणजे ३.६ युनिट. आता हेच चार दिवे १२ व्होल्टचे घेऊन मीटरच्या विजेवर ट्रान्सफॉर्मर लावून चालवले तर? तेवढेच ३.६ युनिट आणि वर ट्रान्सफॉर्मर गरम होण्यात वाया जातं ते वेगळं. बिल कमी होत नाही, उलट थोडं वाढतं.

आणि जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब? तो एकटाच रोज ५ तास लावला तर महिन्याला ९ युनिट खातो. शहरात पूर्वी छताला हॅलोजनचे दिवे लावायचे, १२ व्होल्टचे, पण एकेक ५० वॅटचा. असे चार दिवे ५ तास लावले की रोजचं एक युनिट, महिन्याला ३०! व्होल्ट कमी असूनही. आता कुणी जुन्या बंगल्यातून काढलेले असे दिवे ट्रान्सफॉर्मरसकट स्वस्तात देऊ केले तर घेऊ नका. त्या जुन्या ट्रान्सफॉर्मरवर नुसता एलईडी बल्ब बदलून बसवला तरी तो अनेकदा लुकलुकतो, कारण तो ट्रान्सफॉर्मर जास्त वॅटच्या भारासाठी बनवलेला असतो.

म्हणजे बचत होते ती एलईडीमुळे, १२ व्होल्टमुळे नाही. सोलर पॅनलवरून बॅटरी भरून दिवे चालवले तर बिलात ते युनिट येणार नाहीत, हे खरं. पण ३.६ युनिट वाचवायला पॅनल आणि बॅटरी घेणं परवडतं का, हा हिशोब तुमच्या बिलावरचा दर बघून करा. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, तो खर्चही त्यात धरा.

मग १२ व्होल्टचा फायदा काय?

दोन फायदे आहेत आणि दोन्ही मोठे आहेत.

पहिला, लाइन गेली तरी उजेड राहतो. पावसाळ्यात आपल्या अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात, घाटघर-रतनवाडीकडे एखादं झाड तारेवर पडलं की वीज कधी येईल याचा नेम नसतो. अशा वेळी बॅटरीवरचा एक दिवा म्हणजे वेळेवर झालेलं जेवण आणि पोरांचा अभ्यास.

दुसरा, १२ व्होल्टच्या उघड्या तारेला हात लागला तरी शॉक बसून जीव जाण्याची भीती नसते. ओले हात, ओली फरशी, गळका पत्रा, हे सगळं स्वयंपाकघरात असतंच. पण इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. मीटरच्या विजेवर ट्रान्सफॉर्मर लावला असेल तर त्याच्या अलीकडची बाजू २३० व्होल्टचीच असते. आणि बॅटरीच्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर शॉक नाही बसणार, पण तारा लाल होतील, आग लागेल. म्हणून बॅटरीच्या प्लसच्या तारेवर, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच.

आणि तोटा?

तोटा तारेत आहे. ठिबकची बारीक नळी आठवा. तिच्यातून एकदम जास्त पाणी सोडलं तर शेवटच्या झाडापर्यंत जोर राहत नाही. विजेचंही तसंच. २४ वॅटचे दिवे २३० व्होल्टवर चालवले तर तारेतून साधारण ०.१ अँपिअर करंट जातो. तेच १२ व्होल्टवर चालवले तर २ अँपिअर, म्हणजे जवळजवळ वीसपट.

बॅटरी बाहेरच्या खोलीत आणि स्वयंपाकघर १० मीटर लांब असेल, तर जाणारी-येणारी मिळून २० मीटर तार झाली. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरली तर वाटेत साधारण पाऊण व्होल्ट हरवतो. तो चालून जातो. पण पैसे वाचवायला अर्ध्या मिलिमीटरची तार लावली तर दीड व्होल्ट जातो आणि १२ चे साडेदहा राहतात. दिवा मंद लागतो आणि आपण म्हणतो सोलर खराब. सोलर बिचारं बरोबर असतं, तार चुकलेली असते! म्हणून १२ व्होल्ट घेतलंत तर तार जाड, अंतर कमी.

बॅटरीचाही हिशोब करू. १२ व्होल्ट, २० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे २४० वॅट-तास. ॲसिडची बॅटरी रोज अर्ध्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते. म्हणजे हाताशी १२० वॅट-तास. २४ वॅटचे दिवे त्यावर बरोबर ५ तास चालतील. त्यात मोबाइल चार्जिंग आणि पंखा जोडला की दिवे लवकर जाणार. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. आणि ॲसिडची बॅटरी चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. ती गॅसच्या किंवा चुलीच्या खोलीत ठेवायची नाही, हवेशीर जागी ठेवायची.

तुमचं घर कोणतं, त्यावर ठरवा

*मीटर आहे, वीज बहुतेक वेळ असते.* डोळे झाकून २३० व्होल्टचे एलईडी घ्या. मध्ये ट्रान्सफॉर्मर नको, जाड तार नको, आणि दिवा गेला तर राजूरच्या बाजारातही दुसरा मिळतो. लाइट गेल्यावर पुरावा म्हणून एक चार्जिंगचा बल्ब ठेवा, तो वीज गेल्यावर काही तास चालतो. घरात इन्व्हर्टर असेल तर हेच दिवे त्यावर चालतात, १२ व्होल्टचं वेगळं काहीच लागत नाही.

*मीटर आहे, पण पावसाळ्यात दिवसच्या दिवस वीज नसते.* मुख्य दिवे २३० व्होल्टचे ठेवा. ओट्यावर किंवा चुलीजवळ एक आणि जेवायला बसतो तिथे एक, असे दोनच १२ व्होल्टचे दिवे छोट्या सोलरवर घ्या. दोन्ही वायरिंग एका पाइपातून न्यायचं नाही, बटणंही वेगळी ठेवायची. म्हणजे पुढे दुरुस्तीला येणारा माणूस "ही बारा व्होल्टची आहे" समजून २३० ला हात लावणार नाही.

*पाड्यावर लाइनच नाही, किंवा शेतातली झोपडी आहे.* तिथे १२ व्होल्ट डीसीच बरं. २०१७ साली सुरू झालेल्या सौभाग्य योजनेतही लाइन पोहोचणं अवघड असलेल्या दुर्गम घरांसाठी सोलर पॅक, पाच एलईडी दिवे आणि एक डीसी पंखा अशीच तरतूद होती. बॅटरीवरून इन्व्हर्टर लावून २३० करायचं आणि परत दिव्यात कमी करायचं, यात वीज वाया जाते. चार दिव्यांसाठी सरळ डीसी दिवे घ्यावेत.

आणखी एक प्रश्न सभेत आला. "आमच्या छतावर पीएम सूर्यघरचं सोलर बसणार आहे, मग लाइट गेल्यावर दिवे चालतील ना?" ताई, नुसतं ग्रिडला जोडलेलं सोलर असेल तर नाही चालणार. लाइन गेली की ते आपोआप बंद होतं, कारण तारेवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छतावरून शॉक बसू नये. बॅटरी असेल तरच चालेल. हे आधी विचारून घ्या, नंतर वाद नको.

२३० व्होल्ट घेताना जीव सांभाळा

२३० घ्या म्हणते, पण काही अटींवर. दिव्यांच्या लाइनला ६ अँपिअरचा एमसीबी हवा. घराला अर्थिंग हवं. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा, ज्याला बरेच वायरमन ईएलसीबी म्हणतात. तार ओली होऊन करंट गळायला लागला किंवा माणसाला शॉक बसला, तर तो क्षणात लाइन तोडतो. एमसीबी हे काम करत नाही. एमसीबी वायरीला वाचवतो, आरसीसीबी माणसाला. त्यावर टी लिहिलेलं बटण असतं. महिन्याला एकदा दाबून बघा, लाइन पडली पाहिजे. बचतीच्या पहिल्या बैठकीच्या दिवशीच दाबायचं ठरवलं तर विसरणार नाही.

पैसे कमी असतील तर चार दिव्यांचे दोन करा, पण आरसीसीबी सोडू नका. आणि काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

दिवा घेताना खोक्यावर तीन गोष्टी वाचा. एक, बीआयएसचं चिन्ह आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. दोन, व्होल्टची मर्यादा. आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं, म्हणून १०० ते ३०० व्होल्ट असं लिहिलेला दिवा जास्त टिकेल. तीन, वॉरंटी. पक्कं बिल घ्या, तारीख घालून घ्या आणि खोकं जपून ठेवा. डबी वेगळी असलेला पॅनल लाइट बंद पडला तर बरेचदा डबीच गेलेली असते. वायरमनला आधी ती तपासायला सांगा. तेवढ्याच मिलिअँपिअरची आणि तेवढ्याच व्होल्टची डबी मिळाली तर अख्खा दिवा बदलावा लागत नाही.

उजेड पडतो कुठे?

व्होल्टवर सगळे भांडतात, जागेवर कुणी बोलत नाही. खोलीच्या मधोमध दिवा लावला की आपण ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिलो की दिवा पाठीमागे येतो. सावली कुठे पडते? आपल्याच विळीवर, आपल्याच परातीवर. तांदळातला खडा दिसत नाही, मिरचीवरची बुरशी दिसत नाही, बोट कापतं. ज्या तायांचा पापड-मसाल्याचा धंदा रात्री याच ओट्यावर चालतो, त्यांचा तर माल परत येतो.

म्हणून ओटा दोन फूट रुंद असेल तर दिवा भिंतीपासून साधारण दोन फुटांवर, म्हणजे ओट्याच्या पुढच्या कडेच्या बरोबर वर हवा. दुसरा दिवा त्यापासून तीन-चार फुटांवर. चुलीच्या किंवा गॅसच्या थेट वर नको. तिथे वाफ, धूर आणि फोडणीचं तेल चिकटून दिवा काळा पडतो आणि उष्णतेने लवकर जातो. खाली बसून चुलीवर भाकरी करत असाल तर दिवा समोरून किंवा डाव्या हाताने येऊ द्या, पाठीमागून नको. डावखुऱ्या असाल तर उजवीकडून.

वायरमन यायच्या आदल्या रात्री एक प्रयोग करा. दिवे मालवा. कुणाला तरी मोबाइलची बॅटरी लावून छताजवळ धरायला सांगा आणि तुम्ही रोज उभ्या राहता तिथे परात घेऊन उभ्या राहा. परातीत सावली पडली की "जरा पुढे धर" म्हणा. सावली गेली ती जागा खडूने भिंतीवर आणि छतावर नोंदवा. वायरमनला तो खडू दाखवायचा. एवढंच.

कर्ज आणि निर्णय

समजा दिवे, बटणं, वायर, आरसीसीबी आणि मजुरी मिळून ३,००० रुपये गटाकडून घेतले. महिना १ टक्का व्याज, दर महिन्याला ३०० रुपये मुद्दल, दहा हप्ते. पहिल्या महिन्याचं व्याज ३० रुपये, पुढे कमी होत जातं. दहा महिन्यांचं सगळं व्याज १६५ रुपये होतं. तुमच्या गटाचा दर वेगळा असेल तर तसा हिशोब सचिव ताईंकडून करून घ्या. अर्ज देण्याआधी दोन-तीन दुकानांचे भाव कागदावर लिहून आणा. राजूर, अकोले, संगमनेर, जिथे बाजाराला जाता तिथले.

शेवटी वयाने लहान असून एक सांगते, रागावू नका. प्रधानमंत्री आवास योजनेचं घरकुल किमान २५ चौरस मीटरचं धरलेलं आहे आणि त्यात स्वच्छ स्वयंपाकाची जागाही धरलेली आहे. घरकुल बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर द्यावं, असंही योजनेत आहे. कागदावर आपलं नाव असेल तर भिंतीवर खडूची खूण करायचा हक्कही आपलाच. वायरमन आला की "यांना विचारा" म्हणून आत जाऊ नका. बाहेर या, उभ्या राहा आणि सांगा, "दादा, हॉलमध्ये दोन कमी करा, ओट्यावर दोन काढा."

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने तीन गोष्टी नोंदवून आणायच्या आहेत. किती घरांत आरसीसीबी आहे, किती घरांत स्वयंपाकघरातला दिवा पाठीमागे येतो आणि कुणाला दुरुस्तीसाठी कर्ज हवंय. दहा-बारा घरं एकत्र आली तर वायरमन एकाच फेरीत काम करील आणि दुकानदारही भाव कमी करील. यादी ग्रामसंघाच्या लिपिका ताईंकडे द्या.